भांडी घेण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली दोन वर्षे मी बाजारात मिळणाऱ्या तयार माल्ट-अर्कापासून घरी बिअर बनवत आहे. आता अर्क सोडून थेट धान्यापासून, म्हणजे ‘ऑल-ग्रेन’ पद्धतीने, एका वेळी पाच गॅलन बिअर करण्याचा विचार आहे आणि त्यासाठी तळघराचा एक कोपरा मोकळा केला आहे. दुकानात स्टेनलेस स्टीलची तीन भांडी, दोन पंप आणि लोखंडी मांडणी असा तयार संच पाहिला. मात्र किंमत ऐकून परत फिरलो. एक मित्र बिअरचे जुने पिंप स्वस्तात मिळवून देतो म्हणतो. ते कापून भांडे करावे का? शेगडी गॅसची असावी की विजेची? नेमकी सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, शिकागोचे उपनगर

उत्तर : सुरुवात कागद-पेन्सिलीपासून करावी. भांडी आधी आणि विचार नंतर, असा क्रम लावणाऱ्यांची भांडी वर्षभरात बदलावी लागतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आपल्याला किती लिटर पाणी लागणार आहे आणि ते कोणत्या टप्प्यावर किती उरणार आहे, एवढा हिशेब एकदा मांडला की कोणते भांडे किती मोठे हवे, पंप खरोखर लागतो की नाही आणि वीज किती ओढावी लागेल, ही सगळी उत्तरे त्यातूनच मिळतात.

अर्क वापरताना जे काम कारखान्यात होऊन आपल्याकडे येत होते, ते आता आपल्या घरी होणार आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवून भाजलेले जव. आपल्या घरी नाचणीला मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करतात, त्याच जातीची ही क्रिया आहे. मोड येताना धान्यात जी विकरे तयार होतात, ती कोमट नव्हे तर चांगल्या गरम पाण्यात दाण्यातील पिठुळ भागाची साखर करतात. या तासाभराच्या मुरवणीला मॅश म्हणतात आणि त्यातून गाळून निघणाऱ्या गोड काढ्याला वर्ट. पुढे तो उकळणे, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुले) घालणे, निववणे आणि यीस्ट सोडणे हे आपण आजवर करत आलाच आहात.

आता हिशेब. आंबवण्याच्या भांड्यात २० लिटर काढा पडावा, म्हणजे गाळ वगळून बाटल्यांत १९ लिटर, अर्थात पाच गॅलन, बिअर मिळेल असे धरू. उकळण्याच्या भांड्याच्या तळाशी हॉप्सचा आणि प्रथिनांचा साका मिळून सुमारे २ लिटर मागे राहतात. म्हणजे निवलेला काढा २२ लिटर हवा. उकळता काढा निवला की आकाराने सुमारे चार टक्के आटतो, म्हणून उकळी थांबवताना तो २३ लिटर असावा. उघड्या भांड्यात तासभराच्या उकळीत साधारण ४ लिटर वाफ होऊन जातात. तेव्हा उकळायला ठेवताना २७ लिटर लागतील. पाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असणाऱ्या बिअरसाठी ५ किलो माल्ट धरावे. ते किलोमागे जवळपास एक लिटर पाणी पिऊन बसते, म्हणजे ५ लिटर गेले. तोटीखाली न निघणारे एक लिटर त्यात मिळवले की एकूण ३३ लिटर पाणी झाले. त्यातील १५ लिटर मॅशसाठी, म्हणजे किलोला तीन लिटर, आणि उरलेले १८ लिटर चोथा धुऊन काढण्यासाठी.

साखरेचा अंदाजही याच कागदावर करता येतो. एक किलो फिक्या माल्टातून, सगळे काही निघाले तर, एका लिटर काढ्याची घनता सुमारे ३०० अंकांनी वाढेल (पाण्याची घनता १.०००, आणि एक अंक म्हणजे ०.००१). घरच्या साधनांवर त्याच्या पाऊणपट हाती लागते असे धरले तर ५ किलोंचे ११२५ अंक होतात, आणि ते २२ लिटरांत वाटले की ५१, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०५१. आंबणे पूर्ण होऊन ही घनता १.०११ वर आली तर फरक ०.०४०, त्याला १३१ ने गुणले की मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. पहिल्या दोन-तीन खेपांत आपला आकडा याहून कमी भरेल. तेव्हा लगेच नवे साधन घेऊ नये. आकडे वहीत लिहीत जावे, म्हणजे गळती कुठे आहे ते आपोआप दिसते.

मॅशसाठी मी आपल्याला स्टीलचे भांडे सुचवणार नाही. बांधकामांवर आणि खेळाच्या मैदानांवर पिण्याच्या पाण्यासाठी जो गोल, जाड भिंतीचा दहा गॅलनचा कूलर दिसतो, तो या कामाला उत्तम आहे. ५ किलो धान्य आणि १५ लिटर पाणी मिळून जेमतेम साडेअठरा लिटर होतात. कूलर ३८ लिटरचा असल्यामुळे पुढे कधी जड बिअर करायची झाली तरी जागा उरते. झाकण लावून ठेवल्यास तासाभरात उष्णता एखाद-दोन अंशांहून अधिक उतरत नाही, आणि मॅशला हवे असते ते एवढेच. त्याची मूळची प्लास्टिकची तोटी काढून स्टेनलेस स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवावा आणि आत जाळीदार खोटा तळ टाकावा. रबरी नळ्या मात्र खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या सिलिकॉनच्याच घ्याव्यात, आणि कुठेही शिसे असलेले डाक किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नळजोड वापरू नयेत.

धान्याच्या भरडीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण धान्यावर आलेला नवा माणूस अडकतो तो बहुधा इथेच. माल्ट दळायचे नसते, भरडायचे असते. आतला दाणा फुटून त्याची कणी व्हावी. वरचे टरफल मात्र शक्यतो अखंड राहावे, कारण खोट्या तळावर याच टरफलांचा थर बसून काढ्याची गाळणी तयार होते. माझ्या पहिल्या खेपेला अधिक साखर निघेल या आशेने मी गिरणीचे रूळ अगदी जवळ आणले आणि माल्ट दोनदा फिरवले. तासाभराने तोटी उघडली तेव्हा बोटभर जाडीची धार आली, ती करंगळीएवढी झाली, मग थेंब पडू लागले आणि थांबले. झाकण काढून पाहिले तर वर काढ्याचे तळे आणि खाली खिरीसारखा घट्ट लगदा. शेवटी सगळे ढवळून, मूठ-मूठ भाताचे तूस मिसळून, दहा मिनिटे बसू दिल्यावर धार पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून रुळांमधील अंतर मी एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतो आणि गहू किंवा ओट्स घातलेल्या मॅशमध्ये तूस आधीच मिसळतो. त्याला चव नसते आणि ते बिअरचे काही बिघडवत नाही. आपण सध्या गिरणी घेऊच नये. माल्ट विकणारे दुकानदार ते भरडून देतात, फक्त पिशवी उघडून टरफले शाबूत आहेत ना, हे तिथेच पाहावे.

मॅशचे तापमान ६५ ते ६८ अंश सेल्सिअस असावे. खालच्या बाजूला राहिल्यास साखर अधिक आंबणारी निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. वरच्या बाजूला राहिल्यास न आंबणारी साखर मागे राहून ती अंगाने भरते. ओतायचे पाणी किती गरम असावे, याचे सूत्र आहे : हवे असलेले तापमान आणि धान्याचे तापमान यांतील फरकाला ०.४१ ने गुणावे, किलोमागे जितके लिटर पाणी घेतले त्या आकड्याने भागावे आणि येणारी संख्या हव्या असलेल्या तापमानात मिळवावी. धान्य २० अंशांवर असेल आणि मॅश ६७ वर हवा असेल, तर ४७ गुणिले ०.४१ भागिले ३ म्हणजे सुमारे साडेसहा. पाणी साडेत्र्याहत्तर अंशांचे घ्यावे. कूलर आधी गरम पाण्याने शेकून घ्यायला विसरू नये, नाहीतर त्याच्या भिंतीच दोन-तीन अंश खाऊन टाकतात.

तास संपत आला की पांढऱ्या बशीत चमचाभर काढा घ्यावा, टरफल न येऊ देता, आणि त्यात टिंक्चर आयोडिनचा एक थेंब सोडावा. थेंब निळा-काळा झाला तर पिठूळ भाग अजून उरला आहे; तपकिरीच राहिला तर साखर झाली. बशीतला नमुना फेकून द्यायचा, परत मॅशमध्ये घालायचा नाही. मग तोटी हलकेच उघडून पहिला गढूळ काढा तांब्यात घ्यावा आणि अलगद वरून परत ओतावा. दोन-तीन तांब्यांनंतर तो कोऱ्या चहासारखा नितळ उतरू लागतो. हा बदल डोळ्यांसमोर होताना पाहणे हे मला या साऱ्या खटाटोपातले सर्वांत मोठे सुख वाटते. पहिला काढा उतरला की धुण्याचे १८ लिटर पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटांनी पुन्हा तसेच नितळ करून काढून घ्यावे. हे पाणी ७७ अंशांहून अधिक गरम नसावे, अन्यथा टरफलांतला तुरटपणा उतरतो. ते स्वयंपाकघरातील मोठ्या पातेल्यात तापवता येते. त्यासाठी तिसरे स्टीलचे भांडे आणि दुसरा पंप यांची गरज नाही.

उकळण्याचे भांडे ३८ लिटरांचे, म्हणजे दहा गॅलनचे, घ्यावे. त्यात २७ लिटर काढा असताना ११ लिटर जागा मोकळी राहते आणि पहिल्या उकळीला जो फेस दुधासारखा वर चढतो, तो त्यात मावतो. भांडे ॲल्युमिनियमचे असले तरी चालते. त्यात आधी नुसते पाणी तासभर उकळून त्याच्या अंगावर करडा थर येऊ द्यावा आणि तो पुढे घासून काढू नये.

मित्राच्या पिंपाबद्दल माझे स्पष्ट मत आहे की ते घेऊ नये. बिअरच्या पिंपावर अनामत भरली म्हणजे ते आपले होत नाही. ते ज्या कारखान्याचे असते त्याच्याच मालकीचे राहते आणि ते कापणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू कापणे. पिंपाचेच भांडे हवे असेल तर कारखान्याने रीतसर विकलेले घ्यावे आणि दाब पूर्ण उतरल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला कटर लावू नये.

शेगडीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या तळघराने आधीच दिले आहे. प्रोपेनची मोठी शेगडी तळघरात लावणे जिवावर बेतू शकते. तिच्या जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. खिडकी उघडी ठेवली म्हणून हा धोका टळत नाही. ती शेगडी अंगणातच, घरापासून दूर लावावी. शिकागोच्या जानेवारीत अंगणात दोन तास उभे राहणे शक्य नसेल, तर विजेचाच मार्ग उरतो.

विजेच्या बाबतीतही हिशेब करावा. घरातील साध्या १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या जोडणीवरून सलगपणे सुमारे १४४० वॅट ओढता येतात. तेवढ्यावर २७ लिटर काढा ६५ अंशांवरून १०० वर न्यायला, उष्णता कुठेही वाया जात नाही असे धरले तरी, पाऊण तास लागतो. आणि पुढे जी उकळी येते ती खदखदणारी नसते. २४० व्होल्टच्या ५५०० वॅटच्या कॉइलला हेच काम बारा-तेरा मिनिटांचे आहे. पण ती जवळपास २३ अँपिअर ओढते, म्हणून तिला ३० अँपिअरची स्वतंत्र जोडणी हवी. कपडे वाळवण्याच्या यंत्राची जोडणी ३० अँपिअरचीच असते, म्हणून पुष्कळ लोक ती वापरतात. मात्र जुन्या घरांत ती तीन छिद्रांची असते आणि तिच्यात स्वतंत्र अर्थिंग नसते; तशा जोडणीवर पाण्याचे काम कदापि करू नये. गळती होताच वीज तोडणारा जीएफसीआय ब्रेकर लावणे, भांड्याला अर्थिंग जोडणे आणि हे सारे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून नगरपालिकेच्या परवानगीने करून घेणे, यांत काटकसर करू नये. ओली फरशी, ओले हात आणि २४० व्होल्ट एकत्र येणार आहेत, एवढे एक कारण पुरेसे आहे. कॉइल पूर्ण बुडाल्याशिवाय चालू करू नये, हा नियमही भांड्यावरच लिहून ठेवावा.

वाफेचा विचार फार थोडे लोक आधी करतात. चार लिटर पाणी तासाभरात हवेत गेले की तळघराच्या थंड भिंतींवर ते दहिवरासारखे जमते आणि काही महिन्यांत बुरशी धरते. भांड्यावर छत्री आणि हवा थेट बाहेर टाकणारा पंखा बसवावा; तो चालू असताना एक खिडकी उघडी ठेवावी. तळघरात गॅसवर चालणारी भट्टी किंवा पाण्याचा बंब असेल तर ही खिडकी अत्यावश्यक आहे, कारण जोरदार पंखा त्यांच्या धुरांड्यातला धूर उलटा घरात ओढू शकतो. वाफ होते म्हणून भांडे झाकून उकळू नये. फिक्या माल्टातून निघणारी, उकडलेल्या मक्यासारख्या वासाची द्रव्ये त्या वाफेबरोबरच बाहेर जायची असतात.

पंपावर वाचवलेले पैसे काढा निववण्यावर खर्च करावेत. १५ मीटर तांब्याच्या नळीचे वेटोळे उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत काढ्यात सोडून ठेवले की ते निर्जंतुक होते, आणि मग त्यातून नळाचे थंड पाणी फिरवावे. हिवाळ्यात आपल्याकडचे नळाचे पाणी इतके गार असते की काम झपाट्याने होते. ऑगस्टमध्ये मात्र काढा नळाच्या पाण्याहून थंड होणे शक्यच नसते, तेव्हा शेवटचा टप्पा बर्फाच्या पाण्याने किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पार पाडावा. वेटोळ्यातून प्रथम निघणारे कढत पाणी भांडी धुण्यासाठी धरून ठेवावे. २३ लिटर उकळता काढा उचलून दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. भांडे आधीच अशा उंचीवर ठेवावे की निवलेला काढा तोटीतून आपोआप खाली उतरेल.

यानंतरचा पैसा जुन्या फ्रिजवर आणि त्याला जोडायच्या तापमान-नियंत्रकावर घालावा. यीस्ट जोमात असताना काढा भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी तापतो. तळघर २० अंशांचे असले तरी आत २४ असू शकतात, आणि एल (थोड्या उबेत आंबणारी बिअर) जातीच्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंशच मानवतात. चकचकीत भांड्यांपेक्षा या एका फ्रिजने माझ्या बिअरची चव अधिक सुधारली.

पाण्याबद्दल एकच सूचना करतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टाशी मिळून औषधी वास देते. त्यांना निष्प्रभ करणारी कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. आपल्या ३३ लिटरांना अर्धी गोळी चुरून घालावी. साध्या कोळशाच्या गाळणीने क्लोरामाइन सहजी जात नाही.

कायद्याबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार घरगुती वापराच्या बिअरवर संघराज्याचा कर लागत नाही. एक प्रौढ व्यक्ती असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन ही मर्यादा आहे. विक्री मात्र करता येत नाही. महिन्याला दोन वेळा पाच-पाच गॅलन केले तरी वर्षाचे १२० होतात, तेव्हा भांडी मोठी घेण्याआधी हाही आकडा नजरेसमोर असू द्यावा.

प्रश्न : आम्ही दोघे भाड्याच्या लहान घरात राहतो. स्वयंपाकघरात विजेची शेगडी आहे आणि वेगळा कूलर ठेवायला जागा नाही. धान्यापासून बिअर करण्याची हौस मनातच ठेवावी का?
— एक वाचक दांपत्य, बॉस्टन

उत्तर : मुळीच नाही. आपण पिशवीची पद्धत वापरावी, जी ऑस्ट्रेलियातील घरगुती बिअर करणाऱ्यांनी रूढ केली. एकाच भांड्यात सगळे पाणी घ्यायचे, त्यात विरळ विणीची मोठी पिशवी लावायची, मॅश तिच्यातच करायचा आणि तासाभराने पिशवी उचलून, निथळून, पिळून त्याच भांड्यात उकळायचे. अडीच गॅलन बिअरसाठी सव्वादोन किलो माल्ट आणि साडेपंधरा लिटर पाणी लागते. धान्यासह ते १७ लिटर होते आणि २० लिटरच्या पातेल्यात मावते. पाणी तापवताना पिशवी तळाला चिकटून जळू नये म्हणून खाली इडलीपात्रातली जाळी ठेवावी. धान्य घातल्यावर शेगडी बंद करून पातेले गोधडीत गुंडाळून ठेवले की उष्णता टिकते. हीच पद्धत पाच गॅलनसाठी वापरायची तर पातेले ३८ लिटरचे पुरत नाही. ३३ लिटर पाण्यात ५ किलो धान्य पडले की ते काठाला लागते. त्यासाठी १५ गॅलनचे भांडे हवे, आणि भिजलेली पिशवी उचलायला छताला कप्पी हवी.

प्रश्न : अमेरिकेतील मुलाकडे ही पद्धत पाहिली. पुण्यात घरी असे करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : करू नये. महाराष्ट्र मद्यनिषेध अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरच्या वापरासाठी केले, हे सांगून त्यातून सुटका होत नाही. रस मद्यापेक्षा क्रियेत असेल तर नाचणीला मोड आणून माल्ट करणे, त्याची पेज आयोडिनने तपासणे आणि आंबील आंबवणे यांत मॅश आणि आंबण्याचा बराच अभ्यास घडतो, आणि त्याला कोणाचा परवाना लागत नाही.

प्रश्न : प्रत्येक वेळी चार-पाच किलो धान्याचा चोथा उरतो. टाकून देताना जीव हळहळतो. त्याचे काय करावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तो त्याच दिवशी मार्गी लावावा, कारण ओला चोथा उन्हाळ्यात एका रात्रीत आंबून वास मारू लागतो. बागेतल्या खतात घालायचा झाल्यास वाळक्या पानांचे थर मध्ये द्यावेत. थोडा भाग मंद ओव्हनमध्ये कडक वाळवून, बारीक दळून, चाळून ठेवला तर थालीपिठाच्या भाजणीत आठ-दहा वाट्यांना एक वाटी या प्रमाणात छान जिरतो; त्याहून जास्त घातल्यास टरफलांची कुसे घशाला लागतात. कोंबड्या पाळणारे शेजारी असतील तर ते आनंदाने नेतात. घरात कुत्रा असेल तर मात्र उकळीनंतर उरलेले हॉप्स या चोथ्यात किंवा उघड्या खतात कधीही मिसळू नयेत. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात; त्यांच्या अंगातील उष्णता जीवघेणी वाढते. हॉप्सचा गाळ पिशवीत बांधून, झाकणाच्या कचरापेटीत टाकावा.